बैठकीआधीच संपलेली बैठक

टोकियोतल्या एखाद्या मोठ्या कंपनीत निर्णयाची बैठक पहिल्यांदा पाहणारा माणूस चक्रावून जातो. दहा-बारा जण बसलेले, प्रत्येकासमोर तेच कागद, कोणाचा आवाज चढत नाही, कोणी हरकत घेत नाही, आणि तासाभरात कोट्यवधी येनचा प्रस्ताव मंजूर! या माणसांत मतभेद होतच नाहीत की काय?

होतात, चांगले कडाडून होतात. पण ते आधीच्या काही आठवड्यांत, एकेकाला गाठून, एकेकाची शंका ऐकून मिटवलेले असतात. या खटपटीला तिथे ‘नेमावाशी’ म्हणतात. साखरपुड्याच्या पाटावर बसल्यावर आपल्याकडे कोणी मानपानाचा विषय नव्याने काढत नाही, तसंच हे.

त्याहून विलक्षण आहे त्या प्रस्तावाचा प्रवास. पारंपरिक पद्धतीत तो साहेबाच्या खोलीत जन्मत नाही. खालच्या फळीतला कर्मचारी ‘रिंगिशो’ नावाचा कागद लिहितो, मग तो कागद ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्या विभागांतून फिरत फिरत वर चढतो. प्रत्येक जण त्यावर आपला ‘हान्को’ उमटवतो: लहानसा गोल लाल शिक्का, आत फक्त आडनाव. हा कागद जवळून पाहण्यासारखा असतो. वर चौकोनांची ओळ, डावीकडे साहेबाचा चौकोन, उजवीकडे हाताखालच्यांचे. काही कंपन्यांत, विशेषतः बँकांत, हाताखालचा माणूस आपला शिक्का मुद्दाम डावीकडे कलता मारतो. शिक्कासुद्धा वरिष्ठाला वाकून नमस्कार करतो! शाचिहाता या शिक्के बनवणाऱ्या कंपनीने तर संगणकावरच्या शिक्क्यालाही कलण्याची सोय दिली. २०२० साली कोरोनात केवळ शिक्का मारायला लोक कचेरीत जात होते. तेव्हा मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कागदांवरचे बहुतेक शिक्के हटवायची मोहीम काढली. शिक्के कमी झाले, पण सगळ्यांना विचारून पुढे जाण्याची सवय टिकली.

मला वाटतं, याचं मूळ नोकरीच्या रीतीत आहे. मोठ्या कंपन्यांत माणसं वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी काम करत आली. ज्याच्यासोबत निवृत्तीपर्यंत काढायची, त्याला चारचौघांत तोंडघशी कोण पाडेल?

चाकण-तळेगावचा आपला इंजिनीअर जपानी सहकाऱ्यांपुढे ऐन बैठकीत एकदम नवी कल्पना मांडतो आणि समोर शांतता पसरते, ती यामुळेच. समोरच्याला एकट्याने ‘हो’ म्हणण्याचा अधिकार बहुधा नसतोच. बोलणी किमतीची असली, तरी त्या शांततेत घाबरून किंमत उतरवू नये. कागद चार दिवस आधी पाठवावेत. ऐकलेल्या इंग्रजीपेक्षा वाचलेलं इंग्रजी अनेकांना सोपं जातं. ‘हे आणखी कोणाला दाखवायला हवं?’ असं आधीच विचारावं. टोयोटात तर अडचण, कारणं, उपाय, वेळापत्रक असं सगळं एका ए-थ्री कागदावर, म्हणजे २९७ × ४२० मिलिमीटरमध्ये मांडतात. तो कागद घेऊन एकेकापाशी जायचं, सूचना ऐकायच्या आणि पुन्हा लिहायचा.

यात वेळ जातो, हे खरं. पण आठवडेच्या आठवडे उत्तर न देणारी तीच कंपनी मंजुरी मिळताच झपाट्याने कामाला लागते. खरेदी, उत्पादन, हिशेब या सगळ्या विभागांनी तो कागद तोवर वाचलेला असतो आणि आपापल्या शंका फेडून घेतलेल्या असतात.