गच्चीवरची वीज – भाग ७ : साठवलेलं युनिट कितीला पडतं?

मागच्या आठवड्यात नेट मीटरचं बिल आपण ओळीओळीने वाचलं. आज बॅटरी. गच्चीवर पॅनल बसवलेल्या घराला पहिला धक्का बिलातून बसत नाही, तो बसतो मे महिन्यात भर दुपारी. ऊन रणरणतंय, पॅनल तळपताहेत, आणि लाइन गेली की घरातला पंखाही थांबतो. पांढुर्णा असो की सौंसर, 'मग एवढे पैसे कशाला घातले?' हा सवाल त्याच क्षणी निघतो आणि माणूस बॅटरीची चौकशी करत दुकान गाठतो.

पंखा थांबतो तो बिघाडाने नाही. विद्युत कंपनीच्या तारेला जोडलेला सौर इन्व्हर्टर तारेतला दाब गेला की स्वतःहून बंद व्हावा, असाच बनवलेला असतो. नाहीतर लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरची वीज झटका देईल. तेव्हा लाइन नसताना वीज हवी असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. किंवा जुना, घरोघरी असतो तो बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा ठेवावा लागतो.

दुकानदार दोन आकडे सांगतो, किंमत आणि अँपिअर-अवर. या दोन्हींवरून महाग की स्वस्त ते कळत नाही. विचारायचं ते असं: ही बॅटरी आपल्या अख्ख्या आयुष्यात मला किती युनिट परत देईल, आणि त्यातलं एकेक युनिट कितीला पडेल?

नेहमीची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर, म्हणजे शिशाची, बॅटरी घेऊ. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, कागदावर १.८ युनिट. पण शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते. निम्मीच वापरावी, म्हणजे हाती ०.९ युनिट. हिशेबासाठी किंमत १६ हजार धरा आणि अशा निम्म्या वापराच्या १३०० फेऱ्या धरा. आयुष्यभरात मिळाली सुमारे ११७० युनिट. एक युनिट पडलं पावणेचौदा रुपयांना. जुनी बॅटरी दुकानदार वजनावर परत घेतो, तेवढं वजा करा. पण भरताना आणि काढताना पाचवा हिस्सा वीज वाया जाते, तीही मग धरावी लागेल.

आता लिथियम. घरासाठी आज मिळते ती बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची. हे रसायन बॅटरीसाठी चालेल हे १९९७ साली जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून जगापुढे आलं, आणि त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं आहे. गुडइनफ यांना २०१९ चं नोबेल लिथियम बॅटरीच्या कामासाठीच मिळालं. या बॅटरीत कोबाल्ट नाही, ती सहसा पेट घेत नाही आणि नव्वद टक्के रिकामी केली तरी कुरकुरत नाही. पाच युनिटची बॅटरी सव्वा लाखाची धरू. दर फेरीला साडेचार युनिट, फेऱ्या ४०००. एकूण १८ हजार युनिट, म्हणजे युनिटला सात रुपयांच्या आत. शिशाच्या निम्मं!

बहुतेक विक्रेते हिशेब इथेच थांबवतात. पण ४००० फेऱ्या म्हणजे रोज एक धरली तर अकरा वर्षं, तीही बॅटरी रोज पूर्ण भरून पूर्ण रिकामी केली तर. नेट मीटर असलेल्या घरात तसं कोण करतं? दिवसाची जास्तीची वीज तारेत जाते, रात्री तेवढीच परत येते आणि बिलात युनिटला युनिट वळतं होतं. तार हेच आपलं बिनभाड्याचं गोदाम. मग बॅटरीच्या वाट्याला येते फक्त लाइन गेल्यावरची तास-दोन तासांची वीज. ती रोज अर्धं युनिट धरा. अकरा वर्षांत दोन हजार युनिट. सव्वा लाख भागिले दोन हजार, म्हणजे एक युनिट साठ रुपयांहून महाग! बॅटरी तीच, किंमत तीच, आणि भाव नऊपट. कमी वापरली म्हणून ती जास्त वर्षं टिकेल असंही नाही. लिथियम नुसत्या वयानेही म्हातारी होते.

आता हे आपल्या बिलाशेजारी ठेवा. महिन्याला दीडशे युनिटच्या आत राहणाऱ्या घराला मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेतून पहिली शंभर युनिट शंभर रुपयांत मिळतात. त्या घराने पैसे वाचवण्यासाठी बॅटरी घेणं म्हणजे रुपयाची वीज मोडून दहा रुपयांची विकत घेणं. त्यापुढच्या वापराला कर आणि आकार धरून युनिट सात-आठ रुपयांच्या घरात जातं. तिथेही लिथियमचा सर्वात चांगला हिशेब जेमतेम बरोबरीला येतो, आणि त्यात हायब्रिड इन्व्हर्टरचा वाढीव खर्च अजून धरलेला नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेचं अनुदान ३ किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत आहे, पण ते पॅनलच्या किलोवॅटवर मोजतात. बॅटरीसाठी त्यात वेगळा पैसा नाही. कुणी 'बॅटरीसकट सबसिडी' म्हणत असेल, तर कोटेशनमध्ये बॅटरीची ओळ वेगळी मागा.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या भागात नेट मीटर असलेल्या घराने बॅटरी बिल वाचवायला घेऊ नये. घ्यायचीच तर अंधार आणि उकाडा टाळायला घ्यावी, आणि जेवढा अंधार तेवढीच घ्यावी. घरात ऑक्सिजनचं यंत्र लागणारा रुग्ण असेल, तर साठ रुपयांचं युनिटही महाग नाही. परीक्षेच्या दिवसांत अभ्यास करणारं लेकरू असेल, तरी मी हाच विचार करीन. पण ती किंमत आपण कशासाठी मोजतोय, ते घरातल्या सगळ्यांना माहीत असावं.

बैतूल जिल्हा आपल्या शेजारीच. तिथलं बांचा गाव २०१८ च्या सुमारास देशभर गाजलं: ७४ घरं, आणि प्रत्येक घरात आयआयटी मुंबईने घडवलेली, पॅनल आणि बॅटरीवर चालणारी विजेची चूल. घरटी तीन युनिटच्या आसपास वीज साठवायची सोय होती. तिथे बॅटरीची तुलना विजेच्या बिलाशी नव्हती. ती होती जंगलातून आणलेल्या सरपणाशी आणि बाईच्या डोळ्यांत जाणाऱ्या धुराशी. त्या तराजूत बॅटरी स्वस्तच ठरते. मात्र तो खर्च गावकऱ्यांनी खिशातून केलेला नव्हता, हे आपल्या घराचा हिशेब मांडताना ध्यानात ठेवावं.

किती मोठी घ्यायची? लाइन गेल्यावर काय चालायलाच हवं, ते कागदावर लिहा. दोन जुने पंखे दीडशे वॅट, नऊ वॅटचे चार दिवे, वायफाय दहा वॅट. झाले १९६ वॅट. चार तासांत पाऊण युनिटहून थोडं जास्त. एक ट्यूब्युलर बॅटरी एवढ्याला कशीबशी पुरते. तेच पंखे बदलून तीस वॅटचे बीएलडीसी घेतले, तर चार तासांत ०.४२ युनिट. म्हणजे बॅटरीआधी पंखे बदलावेत. त्यात गेलेला पैसा रोजच्या बिलातूनही परत येतो. खरा पेच कूलरचा. १८० वॅटचा कूलर त्यात धरला, तर नव्या पंख्यांसहित मागणी सव्वा युनिटजवळ जाते, आणि उन्हाळ्यात कूलर सोडून आपल्याकडे झोप येत नाही. अशा घराला लिथियमच घ्यायची झाली तर दोन-अडीच युनिटची पुरे, पाचची नको. विहिरीची किंवा बोअरची मोटर मात्र बॅटरीवर घेऊ नका. सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते, आणि तिच्यापायी इन्व्हर्टर उगाच मोठा घ्यावा लागतो.

उन्हाची दुसरी बाजू बॅटरीच्या तब्येतीची आहे. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं आणि त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. टिनाच्या छपराखालच्या खोलीत ठेवली तर वरचा पावणेचौदा रुपयांचा हिशेब वीसच्याही पुढे जाईल. हवा खेळेल अशा, उत्तरेकडच्या थंड कोपऱ्यात ठेवा. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून देवघर आणि स्वयंपाकघर टाळा. डिस्टिल्ड वॉटर बघायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. लिथियमला पाणी लागत नाही, पण उकाडा तिलाही सोसत नाही. चार्जिंगसाठी किती अंशांपर्यंतची परवानगी आहे ते माहितीपत्रकात वाचूनच घ्या.

थांबावं का? घाई नसेल तर हो. २०१० च्या सुमारास जगभरात लिथियम बॅटरीचं एक युनिट क्षमतेचं पॅक हजार डॉलरहून महाग होतं; २०२४ ची सरासरी ११५ डॉलर. आपल्याच राज्यात मुरैनाच्या सौर प्रकल्पाला २०२५ मध्ये बॅटरीसकट युनिटला २ रुपये ७० पैसे असा दर आला. मोठ्या खरेदीतला हा उतार किरकोळ दुकानापर्यंत पोचायला वेळ लागतो, पण पोचतो. पॅनल यंदाच बसवताय आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी घ्यायचा विचार आहे, तर आज फक्त इन्व्हर्टर हायब्रिड घेण्याचं गणित मांडून बघा.

दुकानात जाताना तीन गोष्टी लेखी घ्या: वॉरंटी किती वर्षं आणि किती फेऱ्यांची, मुदत संपताना किती टक्के क्षमतेची हमी, आणि बिघडल्यावर माणूस कुठून येणार. नागपूरहून स्वस्त आणलेल्या बॅटरीचा दुरुस्तीवाला पांढुर्ण्याला यायला तयार नसेल, तर ती स्वस्त नाही.

पुढच्या भागात कोटेशनचा कागद ओळीओळीने वाचू. तुमच्याकडे आलेलं कोटेशन आणि मागच्या बारा महिन्यांची बिलं तोवर काढून ठेवा.