विश्लेषण : चिरफाड टाळणाऱ्या रेडिओलॉजिस्टांची राष्ट्रीय संघटना कशी वाढली? जालन्यातील रुग्णांना तिचा उपयोग काय?

सोनोग्राफी करणारा, एक्स-रे वाचून रिपोर्टवर सही करणारा डॉक्टर म्हणजे रेडिओलॉजिस्ट, अशीच बहुतेकांची समजूत असते. याच शाखेतील काही डॉक्टर मात्र पडद्यावरील चित्र पाहत बारीक नळी रक्तवाहिनीत सरकवतात आणि बंद झालेली वाहिनी उघडतात किंवा वाहणारे रक्त थांबवतात. या उपशाखेचे नाव इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी. भारतात तिची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना आहे, नियतकालिक आहे आणि आता पदवीही आहे. महानगरांत स्थिरावलेली ही शाखा जालन्यासारख्या जिल्ह्यातील रुग्णापर्यंत कितपत पोहोचते, याचा आढावा.

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी म्हणजे नेमके काय?

जांघेत किंवा मनगटात सुईने छिद्र करून रक्तवाहिनीत आधी बारीक तार घातली जाते. सुई काढून त्या तारेवरून लवचिक नळी, म्हणजे कॅथेटर, आत सरकवली जाते. स्वीडनचे डॉक्टर स्वेन सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही या शाखेचा पाया आहे. नळीतून रंगद्रव्य सोडले की एक्स-रेच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. अडथळा असेल तर फुगा फुगवून वाट मोकळी करता येते, गरज पडल्यास स्टेंट बसवता येतो. रक्तस्राव होत असेल तर स्पंजचे कण किंवा धातूची बारीक गुंडाळी सोडून ती वाहिनी बंद करता येते.

रक्तवाहिन्यांपलीकडेही बरेच काम आहे. यकृतातील गाठीची सुईने बायोप्सी, अडलेल्या पित्तनलिकेत किंवा मूत्रपिंडात नळी टाकून निचरा करणे, कर्करोगाची लहान गाठ उष्णतेने जाळणे, गर्भाशयातील फायब्रॉइडचा रक्तपुरवठा तोडणे, डायलिसिसच्या रुग्णाचा बंद पडत आलेला फिस्टुला पुन्हा सुरू करणे, ही त्यातील काही. बहुतेक उपचार जागा बधिर करून होतात. जखम सुईच्या छिद्राएवढी असते. त्यामुळे वय, मधुमेह किंवा अशक्तपणामुळे ज्यांना मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही, त्यांना याचा विशेष उपयोग होतो.

ही शाखा कशी जन्माला आली?

अमेरिकेतील पोर्टलंड शहरात १६ जानेवारी १९६४ रोजी डॉ. चार्ल्स डॉटर यांच्यासमोर ८२ वर्षांची एक महिला होती. रक्तपुरवठा तुटल्याने तिच्या पायाला गँगरीन झाले होते. डॉक्टरांनी पाय कापण्याचा सल्ला दिला होता आणि तिने तो नाकारला होता. डॉटर यांनी मांडीच्या अरुंद झालेल्या धमनीतून एकामागून एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून वाट रुंद केली. तिचा पाय वाचला आणि पुढे अखेरपर्यंत ती स्वतःच्या पायांवर चालत राहिली.

त्या काळी शल्यचिकित्सकांना हे रुचले नाही. ‘फक्त चित्र दाखवा, दुरुस्ती करू नका,’ अशा आशयाची सूचना डॉटर यांच्याकडे येणाऱ्या तपासणीच्या चिठ्ठीवर लिहिली गेल्याचा किस्सा वैद्यकीय इतिहासात नोंदलेला आहे. तपासणी करणाऱ्याने उपचार करावेत का, हा तो वाद होता. ‘इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी’ हे नाव १९६७ मध्ये डॉ. अलेक्झांडर मार्गुलिस यांनी रूढ केले. १९७० च्या दशकात डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याचे कॅथेटर विकसित केले आणि १९७७ मध्ये हृदयाच्या धमनीची पहिली फुगा-अँजिओप्लास्टी केली. आज घराघरांत माहीत असलेल्या ‘अँजिओप्लास्टी’चे मूळ असे रेडिओलॉजीच्या खोलीत आहे. म्हणूनच १६ जानेवारी हा दिवस जगभर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी दिन म्हणून पाळला जातो.

वेगळ्या संघटनेची गरज का भासली?

अमेरिकेत या डॉक्टरांची संघटना १९७३ मध्ये, तर युरोपात १९८५ मध्ये आकाराला आली. भारतात रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेची परंपरा १९३१ पासूनची, कोलकात्यातील. मात्र निदान करणाऱ्यांच्या आणि उपचार करणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या असतात. उपचार करणाऱ्याला हाताचे प्रशिक्षण लागते, कॅथ लॅब लागते, रुग्ण भरती करण्यासाठी खाटा आणि स्वतःचा बाह्यरुग्ण विभाग लागतो. उपचारानंतर काही बिघडले तर जबाबदारीही घ्यावी लागते. त्यातून ‘इंडियन सोसायटी ऑफ व्हॅस्क्युलर अँड इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी’, म्हणजेच ‘आयएसव्हीआयआर’, ही स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

संघटनेची वार्षिक परिषद भरते. तेथे अवघड रुग्णांवर चर्चा होते आणि तरुण डॉक्टरांना साधने प्रत्यक्ष हाताळायला मिळतात. २०१७ मध्ये संघटनेचे स्वतःचे इंग्रजी संशोधन नियतकालिक सुरू झाले. भारतीय रुग्णांचे आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा वेगळे असतात. क्षयरोगाने फुप्फुसातून होणारा रक्तस्राव, यकृताच्या शिरा बंद होण्याचा आजार, उशिरा आलेले गँगरीन यांचा अनुभव इथल्याच डॉक्टरांकडे जास्त असतो. तो नोंदवला गेला तरच पुढच्या पिढीला उपयोगी पडतो.

महाराष्ट्राचे योगदान काय?

याचे एक ठळक उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातील आहे. क्षयरोगाच्या रुग्णाला खोकल्यातून मोठ्या प्रमाणात रक्त पडू लागले तर श्वासनलिकेत रक्त साचून काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी फुप्फुस कापणे फार जोखमीचे असते. केईएमचे डॉ. रवी रामाकांतन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १४० रुग्णांच्या रक्तस्राव करणाऱ्या धमन्या कॅथेटरद्वारे बंद केल्याचा अनुभव १९९६ मध्ये ‘रेडिओलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांमध्ये रक्तस्राव आटोक्यात आला होता. या चमूत पुढे केईएमचे अधिष्ठाता झालेले डॉ. हेमंत देशमुखही होते. सार्वजनिक रुग्णालयातील गरीब रुग्णांवर झालेले हे काम जगभर वाचले गेले.

आज केईएम आणि टाटा स्मारक रुग्णालयात या विषयातील ‘डीएम’ हा अतिविशेषोपचार अभ्यासक्रम शिकवला जातो. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा ‘डीआरएनबी’ अभ्यासक्रमही उपलब्ध आहे. एमबीबीएसनंतर तीन वर्षे रेडिओलॉजी आणि त्यानंतर आणखी तीन वर्षे हे प्रशिक्षण, असा हा लांबचा रस्ता आहे. पूर्वी ही विद्या वरिष्ठांच्या हाताखाली राहून किंवा परदेशात जाऊन शिकावी लागे. आता तिला अभ्यासक्रम आणि परीक्षा आहे. गेल्या काही दशकांतील हा सर्वांत मोठा बदल म्हणता येईल.

जालना जिल्ह्यात प्रश्न कुठे अडतो?

१ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९ लाख ५० हजारांहून अधिक आहे. स्टील आणि बियाणे उद्योगाने जालना शहराचे नाव देशभर नेले, पण मोठ्या उपचारासाठी अनेक कुटुंबे आजही सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरची वाट धरतात. ‘घाटी’ हे त्यांच्या तोंडी बसलेले नाव. मंठ्यासारख्या टोकाच्या तालुक्यातून हे अंतर जवळपास दुप्पट होते.

अंतर ही अडचणीची एक बाजू झाली. दुसरी बाजू माहितीची आहे. मधुमेह असलेल्या शेतकऱ्याच्या पायाला बांधावर काटा लागतो. जखम भरत नाही, बोट काळे पडते. गावात मलमपट्टी, मग तालुक्याला प्रतिजैविके, असे आठवडे जातात. शेवटी ‘बोट काढावे लागेल’ असे सांगितले जाते. जखम जंतुसंसर्गामुळे भरत नाही की रक्त पोहोचत नाही म्हणून, हे त्याआधी तपासले जायला हवे. रक्तपुरवठाच तुटला असेल तर बोट काढूनही वरची जखम भरत नाही आणि मग घोटा, मग गुडघा अशी पाळी येते. वेळेत अँजिओप्लास्टी झाली तर काही रुग्णांचा पाय वाचू शकतो. पायाची डॉप्लर सोनोग्राफी ही त्यासाठीची पहिली तपासणी. ती करायला महानगर गाठावे लागत नाही.

पक्षाघातातही हेच होते. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या धमनीत अडकलेली गुठळी कॅथेटरने ओढून काढण्याचा फायदा २०१५ मध्ये अनेक देशांतील चाचण्यांतून सिद्ध झाला. निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंतही हा उपचार करता येतो. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली की ‘सकाळी बघू’ म्हणण्यात गेलेली रात्र परत मिळत नाही.

हा उपचार प्रत्येकाला चालतो का?

नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर रंगद्रव्याचा त्रास होऊ शकतो. काहींना त्याची ॲलर्जी असते. सुई टोचलेल्या जागी रक्तस्राव होऊ शकतो आणि उघडलेली धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते. गँगरीन फार पसरले असेल, विष अंगात भिनले असेल तर जीव वाचवण्यासाठी पाय काढणेच योग्य ठरते. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबत नसेल तर गर्भाशयाच्या धमन्या बंद करण्याचा उपाय आहे. मात्र मातेची प्रकृती प्रवास झेपण्याइतकी नसेल तर आहे त्या ठिकाणीच तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. त्यामुळे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट शल्यचिकित्सकाला पर्याय नाही. दोघांनी मिळून निर्णय घ्यावा, हेच अपेक्षित असते.

खर्चाचाही प्रश्न आहे. यंत्रे महाग आहेत आणि कॅथेटर, स्टेंट, गुंडाळ्या यांपैकी बरेच साहित्य एकदाच वापरायचे असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण आपला उपचार मंजूर यादीत आहे का आणि ते रुग्णालय त्यासाठी योजनेत आहे का, याची खात्री रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून किंवा १५५३८८ या क्रमांकावर आधीच करून घ्यावी लागते.

पुढे काय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे कामकाज सुरू झाले, त्यात जालन्याचाही समावेश आहे. नवे महाविद्यालय म्हणजे लगेच कॅथ लॅब आणि तज्ज्ञ, असे होत नाही. त्याला वर्षे लागतात. सुईने बायोप्सी, गळूचा निचरा, मूत्रपिंडात नळी टाकणे यांसारख्या गोष्टी मात्र चांगली सोनोग्राफी आणि प्रशिक्षित रेडिओलॉजिस्ट यांच्या बळावर जिल्हा पातळीवरही होऊ शकतात. संघटनेच्या कार्यशाळांचा रोख महानगरातील अतिविशेष उपचारांइतकाच या साध्या प्रक्रियांकडे वळला, तर त्याचा लाभ थेट अशा जिल्ह्यांना मिळेल.

तोवर सर्वाधिक फरक पडतो तो पहिल्या डॉक्टरच्या चिठ्ठीने. कोणत्या रुग्णाला, कुठे आणि किती तासांत पाठवायचे हे तालुक्याच्या डॉक्टरला माहीत असेल, तर समृद्धी महामार्ग आणि १०८ ची रुग्णवाहिका यांचा उपयोग होतो. नातेवाइकांनीही पाय काढण्याच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हरकत नाही : ‘डॉक्टरसाहेब, पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली आहे का?’