'राइड ऑन' आणि मराठीतील 'राहणे'

'राइड ऑन अ हॉर्स' या इंग्रजी पदबंधात 'ऑन' हे शब्दयोगी अव्यय असून त्याचा संबंध घोड्याशी आहे. नुसत्या 'राइड ऑन'मध्ये मात्र ते क्रियाविशेषण होते, त्यावर आघात येतो आणि ते प्रवासाचे सातत्य दाखवते. मराठीतील 'वर' हे दुसरे कार्य करीत नाही. ते 'राहणे' या सहायक क्रियापदाकडे जाते : 'तो दौडत राहिला'. वास्तव्यवाचक धातूने गतीचे सातत्य सांगावे, ही मराठीची लकब विलक्षणच. परंतु स्वार वाटेत थांबला असेल, तर 'तो पुढे निघाला' असेच म्हणावे लागते. इंग्रजी प्रयोग याविषयी मौन पाळतो. अनुवादकाला ते पाळता येत नाही. कोशातील 'पुढे जाणे' हा प्रतिशब्द येथे अपुरा पडतो आणि मागचा परिच्छेद पुन्हा वाचण्यावाचून गत्यंतर उरत नाही.