पुण्याहून आलेलं ब्रेडचं यंत्र

पुण्या-मुंबईत घरकामाला गेलेल्या आपल्या बायका गावी येताना मालकिणीने दिलेल्या जुन्या वस्तू घेऊन येतात. आधी मिक्सर, इस्त्री यायची. आता बीडच्या वस्त्यांत एखाद्या घरी ब्रेड भाजायचं यंत्रही दिसतं. पीठ, पाणी, यीस्ट, मीठ घालून बटण दाबलं की यंत्रच मळतं, फुगवतं आणि तीन-चार तासांत भाजून देतं. पोरं खूश. आम्ही मात्र त्या घरी गेलो की आधी सॉकेट पाहतो.

हे यंत्र साधारण ५०० ते ७०० वॅटचं असतं, म्हणजे वीज फार ओढत नाही. घोर आहे तो अर्थिंगचा. प्लगची वरची जाड, लांब पिन अर्थिंगची असते. प्लग लावताना आधी तिची जोडणी व्हावी म्हणून ती लांब. आपल्याकडे बोर्डाला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच नसते. काही जण तर ती पिनच कापून टाकतात. जुन्या यंत्राची आतली वायर सुटून पत्र्याला लागली, तर वीज त्या पत्र्यात उतरते. घरही पत्र्याचं, जमीन ओली, पाय अनवाणी. हात लावणाऱ्याच्या अंगातूनच ती जमिनीत जाते.

म्हणून वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मीटरजवळ ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी बसवून घ्या. अंगातून वीज जाऊ लागली की ते क्षणात पुरवठा तोडतं. नुसतं एमसीबी असून भागत नाही; ते जादा भार आला तर वायर वाचवतं, माणूस नाही. आकड्याच्या विजेवर यंत्र लावूच नका. परदेशातून आलेलं असेल तर मागची पट्टी वाचा. ११०-१२० व्होल्ट लिहिलेलं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर जळतं.

ज्वारीचा पाव मात्र त्यात होणार नाही. गव्हात चिकटपणा असतो, तो यीस्टची हवा धरून ठेवतो. ज्वारीत तो नाही, म्हणून तर भाकरीला आपण गरम पाणी घालतो. गिरणीच्या गव्हाच्या पिठाचा पाव थोडा जड होतो, पण मैद्यापेक्षा बरा. साखरेचा आजार असलेल्यांनी भाकरीच खावी.

कच्चं पीठ पोरांना चाटू देऊ नका, त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. रात्री टायमर लावून सकाळी पाव हवा असेल तर दूध, अंडी घालू नका. आपल्या उन्हाळ्यात ती तासाभरात नासायला लागतात. घरच्या पावात टिकवणारी औषधं नसतात. दोन दिवसांत संपवा. बुरशी दिसली, आतून चिकट तार सुटली किंवा पिकून गेलेल्या फळासारखा वास आला तर पूर्ण पाव फेका, नुसता तेवढा तुकडा नाही.

भांडं काढताना हात भाजला तर २० मिनिटं वाहतं पाणी. नळ नसेल तर तांब्याने ओतत राहा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. कुणाला शॉक बसून चिकटला असेल तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला ढकला. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध जोरात, भराभर दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. उठून बसला, बोलू लागला तरी दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्या.