वाचनाच्या वेळा (लेखांक ७) : उशाशी ठेवलेले पुस्तक

रात्री निजण्यापूर्वी वाचण्यासाठी उशाशी ठेवलेले पुस्तक ही आज शहरी घरातील इतकी सर्वसाधारण वस्तू झाली आहे की, तिच्यामागे किती गोष्टी गृहीत धरलेल्या असतात हे सहसा ध्यानात येत नाही. मनातल्या मनात वाचू शकणारा एकटा वाचक, हवा तेव्हा लावता आणि मालवता येणारा त्याच्यापुरता दिवा, पडल्या पडल्या एका हातात धरता येईल अशी पुस्तकाची बांधणी आणि अंथरुणाला लागून असलेला एखादा कोनाडा किंवा फळी, एवढे सगळे एका घरात जमून यावे लागते. महाराष्ट्रातील खेड्यांत ते जमून येईपर्यंत विसावे शतक बरेचसे उलटले होते. मागील लेखांकात दुपारच्या वाचनाचा विचार झाला. या लेखांकात रात्रीच्या वाचनाचा विचार करताना पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील चांदे आणि त्याच्या जोडीनेच ज्याचे नाव घेतले जाते ते नांदे, हा मुळा नदीच्या खोऱ्यातील पट्टा नमुन्यादाखल डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण पोथी-सप्ताहाची मावळी रीत आणि हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा शेजार या दोन्ही गोष्टी या भागाच्या वाट्याला आल्या आहेत.

या पट्ट्यातील जुन्या रात्रीचे वाचन हे मुळात ऐकणे होते. श्रावणात किंवा चातुर्मासात, म्हणजे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चार महिन्यांत, गावच्या देवळात अथवा एखाद्याच्या ओसरीवर ‘पोथी लावली’ जात असे. भाताची लावणी उरकलेली, पाऊस लागून राहिलेला आणि जेवणे लवकर आटोपलेली, अशा वेळी अक्षरओळख असलेला एक जण ओवी चालीवर वाची, दुसरा जाणता तिचा अर्थ बोलीत सांगे आणि बाकीचे घोंगडीवर बसून ऐकत. या वाचनासाठी सर्वांत जास्त हाताळले गेलेले ग्रंथ श्रीधरस्वामी नाझरेकरांचे (१६५८–१७२९) होत. त्यांचे ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३) आणि ‘पांडवप्रताप’ (१७१२) हे ग्रंथ भागवत, रामायण आणि महाभारत यांतील कथा सोप्या मराठी ओव्यांत सांगतात. ‘शिवलीलामृत’ (१७१८) तर पुणे जिल्ह्यातच, बारामतीला पुरे झाले. ज्ञानेश्वरांची खोली किंवा मुक्तेश्वरांची शब्दकळा श्रीधरांकडे नाही, असे समीक्षक सांगत आले आहेत आणि त्यात तथ्यही आहे. परंतु दिवसभर चिखलात राबलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता काय ऐकवावे, याची जाण श्रीधरांइतकी दुसऱ्या कोणत्याही मराठी कवीला असल्याचे दिसत नाही.

ही जाण प्रथम दिसते ती अध्यायाच्या मापात. ‘हरिविजया’चे ३६, ‘रामविजया’चे ४० आणि ‘पांडवप्रतापा’चे ६४ अध्याय आहेत, आणि त्यांतील बहुतेक अध्याय एका बैठकीत वाचून आणि समजावून होतील एवढेच आहेत. अध्याय अर्धा सोडू नये असा संकेत असल्याने कवीला कथेचा तुकडा तोडताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर येणाऱ्या झोपेचाही हिशेब ठेवावा लागतो. याच्याशी ‘ज्ञानेश्वरी’ ताडून पाहण्यासारखी आहे. तिचा बारावा अध्याय २४७ ओव्यांचा, तर अठरावा १,८१० ओव्यांचा आहे, कारण तिचे विभाग गीतेच्या अध्यायांनी ठरवून दिलेले आहेत. त्यामुळे रोज रात्री ज्ञानेश्वरी वाचणारे लोक अध्यायाऐवजी ठराविक ओव्यांचा नेम धरतात. ‘दासबोधा’ची रचना या दृष्टीने अधिक सोयीची आहे. त्याच्या २० दशकांतील प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे लहान प्रकरणे, असल्याने एकूण २०० समास होतात आणि रोज एक समास वाचणाऱ्याचा ग्रंथ सुमारे साडेसहा महिन्यांत पुरा होऊन पुन्हा पहिल्या समासाला आरंभ करता येतो. रात्रीच्या पुस्तकाला थांबण्याची जागा हवी, आणि ती वाचकाने शोधण्याऐवजी पुस्तकानेच दाखवून दिलेली बरी, हे सूत्र येथून पुढच्या विवेचनातही उपयोगी पडणारे आहे.

एवढे असूनही पोथी उशाशी ठेवली जात नसे. याचे एक कारण तिच्या घडणीत होते. पोथी म्हणजे आडव्या, सुट्या पानांचा गठ्ठा. वाचलेले पान उचलून उलटे एका बाजूस ठेवायचे, कोठवर आलो त्याची खूण म्हणून मोरपीस घालायचे आणि वाचन संपले की वर-खाली लाकडी फळ्या लावून सगळे बासनात, म्हणजे लाल किंवा भगव्या फडक्यात, बांधून टाकायचे, अशी तिची रीत होती. आडवे होऊन अशी पोथी वाचू पाहणाऱ्याच्या अंगावर पाने विखुरली असती. दुसरे कारण सोवळ्या-ओवळ्याचे होते. अंथरुणाची जागा ओवळी आणि पोथीची जागा देव्हाऱ्यापाशी, ही विभागणी इतकी पक्की होती की, एकोणिसाव्या शतकात गणपत कृष्णाजींच्या शिळाछापाने आणि पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने (१८६९) पोथ्या छापून स्वस्त केल्या, तरीही पुष्कळ काळ त्या सुट्या पानांच्याच घाटात छापल्या जात राहिल्या आणि घरात आल्यावर फळीऐवजी देव्हाऱ्याशेजारीच गेल्या. ‘गुरुचरित्रा’सारख्या ग्रंथाला तर वाचनाचे निर्बंध इतके होते की, तो हाती घेण्यापूर्वीच वाचक दडपून जावा, स्त्रियांनी तो वाचू नये या समजुतीने अर्धा समाज त्या ग्रंथापासून परस्पर दूर ठेवला गेला.

निर्बंधांतून मोकळे असे रात्रीचे वाङ्मय कथेच्या बाजूने आले. भारतीय कथासंग्रहांत रात्र ही केवळ पार्श्वभूमी नसते, कथांची मोजणीच तिच्या आधाराने होते. ‘वेताळपंचविशी’त विक्रम राजा रात्रीच्या अंधारात प्रेत खांद्यावर घेऊन चालतो आणि वेताळ त्याला एकेक कोडे घालतो, ‘शुकबहात्तरी’त पोपट रोज रात्री एक गोष्ट सांगून आपल्या मालकिणीला घराबाहेर पडू देत नाही. ‘सिंहासनबत्तिशी’ तर मराठीत छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी असून ती १८१४ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या मंडळींनी छापली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६० च्या सुमारास ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणण्यास आरंभ केला, तेव्हा हजार रात्रींची ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नव्हते.

या परंपरेतील सर्वांत अर्थपूर्ण मराठी पुस्तक मात्र साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे आहे. पुस्तकाची बहुतेक प्रकरणे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली गेली आणि पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले, एवढे सर्वश्रुत आहे; परंतु त्याच्या प्रकरणांना ‘प्रकरण’ न म्हणता ‘रात्र’ म्हटले आहे आणि अशा ४२ रात्री आहेत, याकडे अभ्यासक पुरेशा गांभीर्याने पाहत नाहीत. सायंकाळच्या प्रार्थनेनंतर आश्रमातील मित्र आणि गावातील काही माणसे जमतात, श्याम आईची एक आठवण सांगतो आणि मंडळी उठून जातात. पोथीची रात्र येथे जशीच्या तशी आहे; वक्ता आहे, श्रोते आहेत, प्रार्थना आहे आणि एका बैठकीपुरता मजकूर आहे. बदलले आहे ते पूज्य पात्र, कारण रामकृष्णांच्या जागी कोकणातील एक गरीब आई आली आहे. पुस्तकावर भाबडेपणाचा आक्षेप घेतला जातो आणि सलग वाचणाऱ्याला तो खराही वाटेल, कारण ओळीने दहा-बारा रात्री वाचल्या की गहिवराचा भार होतो. रोज एकच रात्र वाचली तर मात्र हा दोष बराचसा नाहीसा होतो. पुस्तकाने आपल्या वाचनाची मात्रा स्वतःच नेमून दिलेली असताना ती झुगारून मग पुस्तकाला नावे ठेवणे हे फारसे न्याय्य नव्हे.

आता दिव्याकडे वळले पाहिजे. रात्रीच्या एकट्या वाचनाला खरा अडसर अक्षरओळखीइतकाच उजेडाचा होता. घरातील एकुलता कंदील स्वयंपाक होईपर्यंत चुलीपाशी आणि नंतर गोठ्यात किंवा ओसरीवर फिरत असे. उरलेल्या खोल्यांत पत्र्याची चिमणी, म्हणजे काच नसलेला रॉकेलचा लहान दिवा, काजळी धरत जळे. कराडजवळच्या ओगलेवाडीत तयार होणारे ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचल्यावर संध्याकाळी काच राखेने घासून फडक्याने पुसणे आणि वात कातरून सरळ करणे हे मुलांचे नेहमीचे काम झाले, आणि त्या बदल्यात कंदिलाजवळ पुस्तक घेऊन बसण्याचा पहिला हक्कही त्यांना मिळाला. रॉकेल मोजून आणलेले असल्याने ‘कंदील बारीक करा’ ही घरातील वडीलधाऱ्यांची रोजची आज्ञा वाचनाच्या विरोधात नसून तेलाच्या बाजूने होती.

मुळशी तालुक्यापुरती या उजेडाची कहाणी अधिक कडू आहे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशी सत्याग्रह अयशस्वी ठरला, गावे आणि भातखाचरे पाण्याखाली गेली आणि ते पाणी सह्याद्री उतरवून भिरा येथील केंद्रात १९२७ पासून वीज तयार होऊ लागली. ती वीज मुंबईकडे गेली. परळ-गिरगावच्या चाळींत ‘बत्ती’खाली कादंबऱ्या वाचल्या जात असताना ज्या खोऱ्याचे पाणी त्या बत्तीमागे होते, तेथील वाड्या रॉकेलवरच होत्या, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची १९६० नंतरची विद्युतीकरणाची दशके उलटली तेव्हा कोठे खेडोपाडी तारा पोहोचल्या.

मुंबई-पुण्याच्या त्या बत्तीखाली एक नवा प्रकार फोफावला होता, तो म्हणजे झोप उडवणारे पुस्तक. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक भाडोत्री वाचनालयांच्या पुस्तकांतून घरोघरी फिरले. पाने थोडी, आकार लहान आणि प्रकरणाचा शेवट मुद्दाम अडचणीच्या जागी, अशी ही रचना पोथीच्या अध्यायाच्या नेमकी उलट होती, कारण येथे थांबण्याची जागा जाणूनबुजून काढून घेतलेली असे. पुस्तक दुसऱ्या दिवशी परत न केल्यास भाडे वाढे, हाही जागरणाला हातभार होता. पुढे नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांनी घरातील अंधारच वापरात आणला. वाङ्मयेतिहासात या लेखकांना मिळालेली जागा तोकडी आहे. मराठी माणसाला एकट्याने, मनात आणि रात्री वाचण्याची सवय लावण्यात त्यांचा वाटा प्रतिष्ठित कादंबरीकारांपेक्षा कमी नसावा.

उशाशी ठेवलेल्या वाचनाचे एक अगदी वेगळे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. दादरच्या ‘राजगृहा’त त्यांचा ग्रंथसंग्रह आणि राहते घर यांच्यात फारसे अंतरच नव्हते आणि रात्री उशिरापर्यंत वाचणे हा त्यांचा नित्यक्रम होता. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीतील अलीपूर रोडवरील निवासस्थानी त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या आपल्या ग्रंथाची प्रस्तावना व उपोद्घात, तसेच आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे, बिछान्याजवळच्या मेजावर आणून ठेवावयास सांगितली होती. त्याच रात्री झोपेत त्यांचे निधन झाले. विरंगुळ्यासाठी किंवा झोप यावी म्हणून वाचणाऱ्याच्या उशापेक्षा हा उसा निराळा आहे, कारण येथे दिवसाचे काम रात्रीत शिरले आहे.

आजच्या चांदे-नांदे पट्ट्यात दिव्याची वाण उरलेली नाही, उलट तो हातातल्या पडद्यात येऊन बसला आहे. अमेरिकेत १२ जणांना प्रयोगशाळेत ठेवून केलेल्या आणि डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, झोपेपूर्वी प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचण्याच्या मानाने झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली आणि अंधार पडल्यावर शरीरात वाढणारे मेलाटोनिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप पोहोचवणारे द्रव्य, दबले गेल्याचे आढळले. दहा मिनिटांचा फरक अर्नाळकरांच्या वाचकाला हास्यास्पद वाटला असता. त्याहून महत्त्वाचा बदल २०१७ पासून दिसतो. त्या वर्षी ‘स्टोरीटेल’ने भारतात मराठीसह श्राव्य पुस्तके आणली आणि दिवा मालवून गोष्ट ऐकत झोपणारा श्रोता पुन्हा तयार झाला. मात्र ओसरीवर झोप लागलेल्या माणसाला शेजारचा कोपराने ढोसत असे आणि वाचणारा वाटल्यास चार ओव्या मागे जात असे. कानात यंत्र घालून झोपलेल्या श्रोत्याला सकाळी आपण कोठे होतो हे स्वतःच शोधावे लागते. प्रकरण संपले की आवाज आपोआप थांबावा, अशी सोय काही ॲपमध्ये आहे. मराठी श्राव्य पुस्तके तयार करणाऱ्यांनी प्रकरणांची लांबी ठरवताना ‘हरिविजया’चा एखादा अध्याय घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहण्यास हरकत नाही.

पुढील लेखांकात प्रवासातील वाचनाचा, विशेषतः पुणे-मुंबई रेल्वेच्या फलाटावरील पुस्तकविक्रीचा, विचार करण्यात येईल.