जुनी होडी पुन्हा धावू लागली

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथल्या खाडीत पुष्कळ लहान होड्या चालतात. कुणी मासळीला जातो, कुणी पाहुण्यांना फिरवतो. वल्ही मारणारे हात आता थोडे राहिले. बहुतेक होड्यांच्या पाठीला इंजिन टांगलेले दिसते. त्याला आऊटबोर्ड म्हणतात. म्हणजे होडीच्या पोटात नव्हे, बाहेरच्या अंगाला बसवलेले इंजिन.

अशी एक जुनी होडी आम्ही घेतली. फायबरची, १४ फूट लांब. इंजिन २५ घोड्यांचे. दोन पावसाळे ती माडाखाली तशीच पडून होती. स्वस्त मिळाली म्हणून घेतली, तरी निम्मे पैसे पतपेढीचे होते.

पहिल्याच दिवशी घरचीच चार माणसे बसवली आणि खाडीत नेली. इंजिन नुसते ओरडत होते. होडी नाळ वर करून पाणी ढकलत होती. मोबाइलवर वेग पाहिला, तर ताशी १४ किलोमीटर! शेजाऱ्याची तेवढीच होडी, तेवढेच इंजिन. ती भुर्रकन पुढे निघून गेली. आमचे दादा वैतागले. म्हणाले, "हे इंजिन म्हातारं झालं. ४० घोड्यांचं घेऊ. आणखी थोडं कर्ज काढू."

गावात लाकडी होड्या बांधणारे एक जुने मिस्त्री आहेत. दादांनी त्यांना सल्ला विचारला. मिस्त्रीकाका आले, होडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "इंजिनाक नावां ठेवू नकात. आधी होडयेची पाठ बघा."

इंजिन जिच्यावर टांगतात ती मागची फळी म्हणजे होडीची पाठ. वरून ती फायबरची दिसते, पण बऱ्याच होड्यांत आत प्लायवुड असते. मिस्त्रीकाकांनी लाकडी हातोडीने ती फळी हळूहळू ठोकली. कडेला टणटण आवाज आला. मध्यावर, इंजिनाच्या स्क्रूपाशी, भदभद आवाज आला. पिकलेला फणस आपण थापटून ओळखतो ना? तसेच. मग त्यांनी इंजिनाचे खालचे टोक धरून वरखाली हलवले. अख्खी फळी हलत्या दातासारखी हलली.

आम्ही गप्पच झालो. या फळीवर आम्ही ४० घोड्यांचे इंजिन चढवणार होतो! भर वेगात फळी फाटली असती, तर इंजिन तळाला गेले असते आणि मागून पाणी आत शिरले असते. त्या वेळी होडीत कोण बसले असते? पाहुण्यांची मुलेबाळे.

फळी कुजली कशी? स्क्रूच्या भोकांतून. भोक पाडताना आत डिंक भरला नाही, तर खारे पाणी थेंबथेंब प्लायवुडात उतरते. वरून रंग चकचकीत, आतून भुसा. आम्ही आतल्या बाजूचा फायबर कापला, तेव्हा ओले लाकूड मुठीने उपसून निघाले. वास तर विचारू नका.

नवी फळी मरीन प्लायवुडाची केली. तिच्यावर फायबरची जाळी आणि रेझिन यांचे थर दिले. हे काम मिस्त्रीकाकांच्या हाताखाली आम्ही घरीच केले. तुम्हीही करू शकाल, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फायबर घासताना धूळ उडते, ती बारीक काच असते. नाक, तोंड, डोळे झाका. लांब बाह्यांचा सदरा घाला. दुसरी गोष्ट जिवाची आहे. रेझिन सुकवायला दोन बाटल्या मिळतात, एक कोबाल्टची आणि एक हार्डनरची. त्या दोन्ही एकमेकींत कधीही ओतू नका. भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा. मग त्या रेझिनमध्ये हार्डनर घाला.

पाठ झाली. तरी मिस्त्रीकाका समाधानी नव्हते. "होडी जड आसा," म्हणाले. रिकामी होडीदेखील पाण्यात फार खोल बसत होती.

फायबरच्या होडीत तळाच्या पाट्याखाली फोम भरलेला असतो. होडीत पाणी भरले तरी ती बुडू नये, तरंगत राहावी, यासाठी तो असतो. आम्ही पाटा कापून पाहिला. फोम स्पंजासारखा पाणी पिऊन बसला होता! काढलेला फोम वाण्याच्या काट्यावर टाकला, तर ९६ किलो भरला. म्हणजे आमच्या होडीत रोज दीड माणूस फुकट बसून फिरत होता. नवा फोम तेवढ्याच जागेत भरला, तो चार किलोसुद्धा झाला नाही.

इथे कुणी थर्माकोल वापरतात. तो घेऊ नका. रेझिन लागले की तो विरघळतो, पेट्रोल सांडले तरी विरघळतो. पाणी न पिणारा फोम मागून घ्यावा. आणि फोम न भरता जागा रिकामी ठेवण्याचा हावरेपणा तर मुळीच करू नये.

वजनाचे एवढे काय, असे कुणी म्हणेल. होडी दोन तऱ्हांनी चालते. सावकाश चालते तेव्हा ती पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढला की ती वर उचलली जाते आणि पाण्याच्या पाठीवरून घसरत जाते. मुले चपटा दगड तळ्यावर भिरकावतात, तो टप्पे घेत पळतो, तसे. एकदा वर आली की होडी थोड्या जोरात पुष्कळ धावते. पण वर येण्यासाठी तिला एक चढ चढावा लागतो. जड होडी त्या चढावरच अडकते. आमची तिथेच अडकली होती. नाळ आभाळाकडे आणि पेट्रोल पाण्यात.

मग इंजिनाकडे वळलो. इंजिन सुरू असताना पाठीमागून पाण्याची बारीक धार पडते. ती धार म्हणजे इंजिनाची नाडी. खालून पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारा एक पंप असतो. त्यात रबराची फिरकी असते. आमच्या फिरकीची दोन पाती तुटली होती. नवी घातली, धार जोरात आली. इंजिन कोरडे कधी चालवू नका. थोडा वेळ चालवले तरी ही फिरकी जळते. घरी चालवून पाहायचे तर खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवावा.

खालच्या गिअरच्या पेटीतले ऑइल काढले, ते दुधाळ निघाले. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी शिरले. सील बदलली. नवे ऑइल खालच्या भोकातून भरायचे, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतले तर मध्ये हवा अडकून राहते.

आमचे इंजिन जुन्या तऱ्हेचे, टू-स्ट्रोक. त्याला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावे लागते. आमच्या पुस्तिकेत ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल लिहिले आहे. म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये, मापाने घालावे. आदला मालक हात सैल सोडून ओतत असावा, कारण दोन्ही प्लग काळे आणि ओले निघाले. आणखी एक. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून पावसाळ्यात टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ठेवू नये.

या इंजिनाची एक गोष्ट सांगतात. ओले एव्हिनरूड हा १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला माणूस. पुढे अमेरिकेत मिलवॉकी गावी कारागीर झाला. एकदा उन्हाळ्यात तळ्याकाठी त्याच्या बेसला आइस्क्रीम हवे झाले. हा पठ्ठ्या वल्ही मारत गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचे पाणी झाले! १९०९ साली त्याने आपले इंजिन विकायला काढले. त्याच्या आधीही अशी इंजिने झाली होती, पण याचे खूप खपले. धंद्याची बाजू बेसनेच सांभाळली. त्याच्या नावाची इंजिने २०२० पर्यंत बनत होती.

असो. आमच्या होडीकडे येऊ.

पाठ नवी, वजन कमी, इंजिन साफ. पुन्हा चार माणसे बसवली. होडी वर आली, पण कुंथत कुंथत. वेग २७ किलोमीटर. इंजिनाचे फेरे मोजायचा काटा लावला होता. तो मिनिटाला ४३०० दाखवत होता. पुस्तिकेत मात्र लिहिले होते, की पूर्ण मूठ पिळल्यावर ४५०० ते ५५०० फेरे व्हावेत. म्हणजे इंजिनाला ओझे पेलत नव्हते.

आता दोष पंख्याचा निघाला. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. एक पंख्याची रुंदी. दुसरा आकडा म्हणजे पिच. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो थोडा आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात पाण्यात किती इंच पुढे सरकेल, तो हा आकडा. प्रत्यक्षात पाणी निसटते, म्हणून तो थोडा कमीच सरकतो. आमच्या पंख्यावर १३ होते. मोठा आकडा म्हणजे जास्त वेग, असे दादांना वाटे. पण फोंडा घाट चढताना एस. टी. चा ड्रायव्हर काय करतो? गिअर खाली घेतो. भरलेल्या होडीला पिचही तसेच कमी लागते. ११ चा पंखा आणून लावला. फेरे ४७०० झाले, होडी चटकन वर आली आणि वेग ३१ किलोमीटरवर गेला. ४० घोडे लागलेच नाहीत.

थोडे काम उरले होते. पंख्याच्या वर इंजिनाला एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या रेषेत हवी. इंजिन फार वर बसले तर पंखा हवा खातो आणि नुसता गरगरतो. फार खाली बसले तर ओढ लागते. आमचे दीड इंच खाली होते, वर घेतले. इंजिनाचा कलही पाहावा लागतो. वेगात होडी बेडकासारखी नाळ आपटू लागली, तर इंजिनाचे पाय होडीकडे एक भोक जवळ घ्यावेत. नाळ पाण्यात खुपसू लागली, तर एक भोक दूर.

इंजिनाला एक लाल दोरी असते. तिचे एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायचे. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन थांबते. नाहीतर रिकामी होडी गोल फिरून त्याच माणसावर येते. दादा ती दोरी खिशात ठेवत. वहिनींनी एकदा घाटावर सर्वांसमोर विचारले, "ही कमरेला गंडा म्हणून बांधू का?" तेव्हापासून ती मनगटाला असते. पाहुणे न्यायचे तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना लागतो, प्रत्येकाला जॅकेट लागते. तेही केले.

रोज संध्याकाळी परत आलो की इंजिन पिंपातल्या गोड्या पाण्यात दहा मिनिटे चालवतो. आतले मीठ धुऊन जाते. १३ चा पंखा विकलेला नाही. तो, एक पाना आणि पंख्याची जादा पिन, तिन्ही एका डब्यात घालून होडीतच ठेवले आहेत. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध दर वर्षी जागा बदलतो आणि पंखा कधी आपटेल, सांगता येत नाही.