जोडीच्या खेळांत फटक्याची निवड

आमच्या शाळेच्या पटांगणांत बॅडमिंटनच्या रेघांवर हल्लीं रोज सकाळीं जो टकटक आवाज चालतो, त्याविषयीं पालकमंडळी आम्हांस वारंवार विचारतात. तो पिकलबॉलचा आवाज होय. सन १९६५ मध्यें अमेरिकेंतील बेनब्रिज बेटावर घरच्या मंडळींच्या करमणुकीसाठीं एका जुन्या बॅडमिंटनच्या मैदानावर हा खेळ जन्मास आला. म्हणून त्याचें मैदानही बॅडमिंटनच्या जोडीच्या मैदानाएवढेंच, ४४ फूट लांब व २० फूट रुंद, असतें. मुंबईचे श्री. सुनील वालावलकर यांनीं तो आपल्या देशांत आणिला व सन २००८ मध्यें त्याची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. भोंकें पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू, तारा नसलेलें सपाट पॅडल, आणि मध्यावर ३४ व कडांस ३६ इंच उंचीची जाळी, एवढेंच साहित्य. खेळ शिकण्यास एक सकाळ पुरते. परंतु जोडीनें खेळतांना कोणता चेंडू कसा मारावा, हें कळण्यास पुष्कळ दिवस लागतात.

गेल्या हिवाळ्यांत आम्हीं दोन मुलांची एक जोडी लावून दिली. एक अंगानें धिप्पाड, दुसरा लहानखुरा व अबोल. ती जोडी सारखी हरूं लागली. शेवटचा चेंडू नेहमीं त्या लहान मुलाकडून चुके. कधीं जाळींत जाई, कधीं बाहेर, कधीं तर त्याच्या छातीवरच आदळे. धिप्पाड मुलगा रागावे, आणि हें लिहितांना खेद होतो कीं, आम्हींही त्या लहान मुलासच दोष दिला. पुढें एके दिवशीं आम्ही वही घेऊन बसलों व गुण गेला त्याच्या आधीं त्या जोडीकडून चेंडू कोणी मारला होता, हें टिपूं लागलों. वहीचें पान भरलें तसें आमचें मत फिरलें. तो आधीचा फटका बहुतेक वेळां धिप्पाड मुलाचा असे. पायांजवळचा चेंडू तो जोरानें मारी, चेंडू जाळीवरून उंच उठे, आणि समोरचे तो खालीं दडपीत ते त्याच्या सोबत्याच्या अंगावर.

असें कां होतें, हें समजण्यास दोन नियम ध्यानांत घ्यावे लागतात. सर्व्हिसचा चेंडू टप्पा पडल्यावरच परत करावयाचा, आणि तो परत आलेला चेंडूही सर्व्हिस करणाऱ्या पक्षानें टप्पा पडल्यावरच घ्यावयाचा. दुसरा नियम असा कीं, जाळीच्या दोन्ही अंगांस ७ फुटांचा जो पट्टा असतो, त्यांत उभें राहून चेंडू अधांतरीं मारतां येत नाहीं. या पट्ट्यास खेळाडू ‘किचन’ म्हणतात. (किचनमध्यें पाऊलच ठेवूं नये असा मुलांचा समज असतो, तो चुकीचा, टप्पा पडलेला चेंडू तेथें खुशाल मारावा.) यामुळें परत करणारा पक्ष लागलीच पट्ट्याच्या रेघेशीं येऊन उभा राहतो व सर्व्हिस करणारा मागें अडकतो. परतीचा चेंडू खोल व सावकाश टाकावा तो याचसाठीं. पुढें धांवण्यास तेवढा अवधि मिळतो.

तिसरा फटका हाच खरा कठीण. बॅडमिंटन खेळलेल्या मुलाचे हात येथें शिवशिवतात. एके काळीं गोऱ्या लष्करी अंमलदारांत ‘पूना’ या नांवानें ओळखला जाणारा तो खेळ आमच्या मुलांच्या अंगीं मुरलेला. तेथें फूल उंच दिसलें कीं झोडपावें. पिकलबॉलमध्यें मागून मारलेला जोरकस चेंडू जाळीपाशीं उभे असलेले दोघे सहज अडवितात. त्यापेक्षां तो हळुवार, कमानीनें, त्यांच्या किचनमध्यें पडेल असा टाकावा. मग समोरच्यांस तो खालून वर उचलावा लागतो आणि तेवढ्यांत आपण दोघेही पुढें येतों. परतीचा चेंडू आखूड व उंच आला असेल, तर मात्र जोरानें मारण्यास हरकत नाहीं.

दोन्ही जोड्या रेघांवर आल्या म्हणजे मध्यें अवघें १४ फुटांचें अंतर उरतें. येथें एकच गोष्ट पाहावी: मारतेवेळीं चेंडू जाळीच्या वर आहे कीं खालीं. खालीं असेल तर हळूच तिरपा टाकावा. तिरप्या वाटेस जागा अधिक, आणि ती जाळीच्या ठेंगण्या मध्यावरून जाते. वर असेल तर मारावा, परंतु कडेच्या रेघेवर नव्हे. समोरच्याच्या पायांशीं, किंवा दोघांच्या मधोमध. मधला चेंडू कोणाचा या संभ्रमांत पुष्कळ गुण मिळतात. आपल्या बाजूस तो संभ्रम नको म्हणून आधींच ठरवून घ्यावें. दोघेही उजव्या हातानें खेळत असतील, तर डाव्या अंगास उभा असलेल्याचा सरळ हात मध्यें येतो, तेव्हां तो चेंडू त्याचा. तरीही तोंडानें ‘माझा’ म्हणावें. खांद्याच्या उंचीनें सुसाट येणारा चेंडू बहुधा बाहेर जातो. तो सोडून द्यावा. समोरच्यांच्या डोक्यावरून उंच चेंडू क्वचितच टाकावा. तो आखूड पडला तर मार सोबत्यास खावा लागतो, आणि नागपूरच्या उन्हाळी वाऱ्यांत हा हलका चेंडू कोठें जाईल याचा भरंवसा नाहीं. इतक्या जवळून डोळ्यास इजा होऊं शकते, म्हणून पालकांनीं मुलांस संरक्षक चष्मा घेऊन द्यावा, अशी आमची विनंती आहे.

त्या लहान मुलाची आम्हीं क्षमा मागितली. धिप्पाड मुलास वही दाखविली. तो बराच वेळ पाहत राहिला. दुसऱ्या दिवशीं त्यानें तिसरा चेंडू हळुवार टाकला, तो जाळींत गेला. पुन्हां टाकला, पुन्हां जाळींत. तेव्हां मैदानावर कधीं न बोलणारा तो लहान मुलगा म्हणाला, “तसाच टाक, मी पुढें येतों.”